गाठीचं गाव



स्मृतिव्याख्यानाला विषय मोठा घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. मी आज मुद्दाम लहान विषय घेतला आहे. स्तनाचा कॅन्सर कधी कधी गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसतो. तो ओळखायचा कसा आणि त्यावर करायचं काय, एवढंच मला सांगायचं आहे. वैद्यकाच्या जाड पुस्तकातसुद्धा या विषयाला जेमतेम अर्धं पान मिळतं. मग बुलढाण्याच्या सभागृहात त्यावर तासभर का बोलायचं? कारण कॅन्सरच्या बाबतीत आपण ज्या चुका एरवी करतो आणि ज्या एरवी झाकून जातात, त्या सगळ्या या एका दुर्मिळ आजारात उघड्या पडतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंटचा चेहरा मला क्वचित दिसतो. मला दिसते ती काचपट्टी. त्या पट्टीवरून मी एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट एकीची नाही. अनेकींच्या फाईलींवरून ती मी जोडली आहे, म्हणून तिला नाव देत नाही.

बाईंचं वय पंचावन्न. नऊ वर्षांपूर्वी डाव्या बाजूच्या गाठीचं ऑपरेशन झालं. किमो झाली, शेक झाला, पाच वर्षं रोज एक गोळी घेतली. त्यानंतर सगळं ठीक. सोयाबीनच्या सोंगणीला उभ्या राहतात, नातवाला शाळेत सोडतात. एका सकाळी सून म्हणाली, ‘आत्याबाई, तुमची पोत अशी वर का उचलल्यासारखी दिसते?’ गळ्यालगत बसणारी काळ्या मण्यांची पोत एका बाजूनं वर आली होती. खाली गाठ होती. बाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘दुखत नाई न बाई, मंग काहून दाखवू?’

दुखत नाही, मग कशाला दाखवायचं? या जिल्ह्यात सगळ्यात जास्त नुकसान कोणत्या वाक्यानं केलं असेल तर या वाक्यानं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखत नाही. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय आणि खाली बसण्याआधी पुन्हा सांगणार आहे.

बाईंना शेवटी दाखवलं. रक्ताची तपासणी झाली, टी-३, टी-४, टीएसएच. सगळं नॉर्मल. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ‘थायरॉईड नाही’ म्हणाले. इथे जरा थांबतो. रक्ताची ही तपासणी ग्रंथीचं काम नीट चाललंय की नाही ते सांगते. ग्रंथीत बसलेली गाठ कशाची आहे, हे ती सांगत नाही. घरात उजेड आहे म्हणजे भिंतीला तडा नाही, असं आपण म्हणतो का? गळ्यात गाठ असेल तर सोनोग्राफी हवी आणि गरज असेल तर सुईची तपासणी हवी. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाठ माफ होत नाही.

आता पहिल्या आणि मुख्य मुद्द्याकडे येतो. कॅन्सर झालेल्या बाईच्या गळ्यात गाठ आली, तर ती काय काय असू शकते? पहिली शक्यता, आणि सगळ्यात मोठी, की ती साधी गाठ आहे. थायरॉईडच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, आणि बायकांमध्ये त्या फार आढळतात. तेव्हा कोणी आज घरी जाऊन आरशासमोर घाबरून बसू नये. दुसरी शक्यता, थायरॉईडचाच वेगळा, नवा कॅन्सर. तिसरी, सगळ्यात विरळ, की जुन्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून प्रवास करत इथे येऊन रुजल्या. यालाच आपल्याकडे ‘सेकंडरी’ म्हणतात.

विरळ का? थायरॉईड ही जेमतेम वीस ग्रॅमची ग्रंथी, पण तिच्यातून रक्ताचा लोंढा वाहतो. लोंढा मोठा असेल तर जास्त पेशी येऊन पडायला हव्यात ना? जुन्या डॉक्टरांनी यावर दोन कारणं मांडली. एक, प्रवाह इतका वेगवान की पेशीला पाय रोवायला वेळच मिळत नाही. दुसरं, तिथला भरपूर ऑक्सिजन आणि आयोडीन त्या पेशींना मानवत नाही. ग्रंथी आधीच गलगंडानं किंवा सुजेनं बिघडली असेल, तर मात्र पाहुण्या पेशींना जागा सापडते. शिवाय नऊ वर्षं, बारा वर्षं, कधी त्याहून जास्त काळ शांत गेल्यावर गळ्यात गाठ उगवते. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर असा दीर्घकाळ झोपून राहू शकतो. पाच वर्षं झाली, सुटलो, असं त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आणि इथे एक गोष्ट पक्की धरून ठेवा. स्तनाचा कॅन्सर थायरॉईडमध्ये गेला, तरी तो थायरॉईडचा कॅन्सर होत नाही. तो स्तनाचाच राहतो. आपला माणूस पुण्याला गेला, तिथे घर घेतलं, वीस वर्षं राहिला. तरी गावी कुणी विचारलं तर तो मूळचा देऊळगाव राजाचा, असंच आपण सांगतो. गाठीचंही तसंच आहे. ती कुठे राहते यापेक्षा तिचं गाव कोणतं, यावर औषध ठरतं.

हे समजावून सांगायला मला लांब जायची गरज नाही. तुमच्याच जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि पुढं कितीतरी वर्षं बरेच भूवैज्ञानिक ते ज्वालामुखीचं तोंड आहे असं मानत राहिले. मानणारच. आजूबाजूला सगळा काळा बेसॉल्ट, लाव्ह्याचा दगड. त्यात खड्डा पडलाय म्हणजे तो लाव्ह्याचाच, हे सरळ अनुमान. वरून पाहिलं तर अनुमान चुकीचं वाटतच नाही. मग सरोवराच्या तळात छिद्रं पाडून खालचा खडक वर काढला, त्याच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. ही एक प्रकारची काच आहे, प्रचंड आघाताखाली खनिजाचं रूप पालटून तयार होणारी. लाव्हा निवून ती होत नाही. १९७३ साली तो पुरावा छापून आला. घाव बाहेरून आलेल्या दगडाचा होता.

मी लोणारच्या काठावर उभा राहतो तेव्हा मला माझंच काम दिसतं. थायरॉईडमध्ये गाठ आहे म्हणजे ती थायरॉईडचीच, हे तसंच सरळ अनुमान. पुरावा मिळतो तो आतला तुकडा बाहेर काढून काचेखाली ठेवल्यावरच.

तो तुकडा कसा काढतात? बाईंना टेबलावर निजवतात. खांद्याखाली उशी, मान मागे. डॉक्टर सांगतात, ‘आवंढा गिळू नका, बोलू नका, दहा सेकंद.’ सलाईनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक सुई असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत ती गाठीत जाते, दोनचार वेळा पुढंमागं होते, बाहेर येते. सुईत असतो एखादा थेंब. तो काचपट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीनं पसरवतात आणि लगेच अल्कोहोलच्या बरणीत बुडवतात, कारण या पद्धतीत तो वाळला तर पेशी नीट वाचता येत नाहीत. सगळं मिळून पंधरा मिनिटं. कधी कधी एवढ्यानं भागत नाही, मग जरा जाड सुईनं तांदळाच्या लांब दाण्याएवढा तुकडा घेतात.

तुकड्याची पट्टी रंगवून मी डोळा लावतो. निरोगी थायरॉईड फार सुंदर दिसते. उंचावरून शेततळी पाहावीत तशी गोल गोल तळी, आत गुलाबी खळ, आणि काठानं पेशींची एकेरी ओळ. आमच्या त्या बाईंच्या पट्टीवर या तळ्यांच्या मधल्या बांधांवरून वेगळ्याच पेशी चाललेल्या दिसतात, मुंग्यांच्या रांगेसारख्या, एकामागे एक. त्या इथल्या नाहीत, हे डोळ्याला कळतं. पण डोळ्याच्या साक्षीवर बाईचा गळा कापायचा नसतो.

म्हणून पुढची तपासणी. तिचं लांबलचक नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. नाव सोडून द्या, काम समजून घ्या. प्रत्येक अवयवाच्या पेशी काही खास प्रथिनं बाळगतात, माणसाच्या बोलीसारखी. दोन वाक्यं ऐकली की हा वऱ्हाडातला, हा कोकणातला, हे आपण ओळखतो ना? तसं. थायरॉईडच्या पेशींच्या खुणा थायरोग्लोब्युलिन, टीटीएफ-१ आणि पॅक्स-८. स्तनाच्या पेशींच्या खुणा गॅटा-३ आणि मॅमाग्लोबिन. ज्या पेशीत खूण असते ती तपकिरी रंगते, जिच्यात नसते ती फिक्या निळ्या रंगाची राहते. एकाच पट्टीवर तळ्यांच्या काठच्या पेशी टीटीएफनं तपकिरी आणि मधल्या रांगा निळ्या. दुसऱ्या पट्टीवर गॅटानं नेमकं उलट. अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की वाद मिटतो. एकाच खुणेवर मात्र विसंबायचं नाही. काही खुणा दुसऱ्या अवयवांतही सापडतात. आणि सगळ्यात भक्कम साक्ष म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या गाठीची जुनी पट्टी. नवी आणि जुनी सूक्ष्मदर्शकाखाली एकापाठोपाठ एक ठेवून पाहिली, की बहिणी-बहिणी ओळखाव्यात तशा पेशी ओळखू येतात.

पेशीला बोलतं करायची ही विद्या आपल्या माणसांनी या देशात रुजवली, हे तुम्हाला सांगायला मला अभिमान वाटतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म १८९५. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेची घडी बसवली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. आणि त्यांच्या हाताखाली तयार झाल्या डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परत आल्या आणि देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे ज्यांनी फार लवकर मांडलं त्यांच्यात त्या आहेत. आपल्या मुलींच्या शाळांमध्ये रणदिवे बाईंचा फोटो असायला हवा. मला तरी तो अजून कुठे दिसलेला नाही.

दुसरा मुद्दा भीतीचा. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ या सभागृहात ज्यांनी हे ऐकलं नाही असं कोणी आहे? हा समज कुठून आला असावा, याचा मी बराच विचार केला आहे. आपल्याकडे पेशंट उशिरा येतो. आला की सुई होते, रिपोर्ट येतो, आणि दोन महिन्यांत आजार वाढलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, सुईनंच केलं. खरं तर सुई लागायच्या आधीच तो वाढलेला होता. थायरॉईडच्या बारीक सुईनं पेशी सांडून आजार पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत. सुई न लावल्यानं चुकीचं ऑपरेशन झाल्याची, महिने वाया गेल्याची उदाहरणं मात्र विरळ नाहीत.

आता तिसरा मुद्दा. तो मला सगळ्यात जवळचा आहे आणि सांगायला सगळ्यात अवघड जातो. आमच्या बाईंना गळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘आधी काही मोठा आजार?’ बाई म्हणाल्या, ‘नाही. एकदा गाठ काढली होती छातीची.’ कशाची गाठ? ‘साधीच.’ बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी फाईल मुलाच्या हातात होती, बाई बाहेर बाकावर होत्या, आणि मुलगा डॉक्टरांना हळूच म्हणाला होता, ‘तिला सांगू नका, ती खचेल.’

मुलाचं प्रेम खरं होतं. पण त्या प्रेमानं बाईंच्या हातातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा काढून घेतला. समोरचा डॉक्टर काय करणार? त्याला थायरॉईडमध्ये गाठ दिसते, मागचं काही कळत नाही. तो ती थायरॉईडची समजून चालतो. अख्खी ग्रंथी काढली जाते, मग किरणोत्सारी आयोडीन द्यायची तयारी. स्तनाच्या पेशी थायरॉईडच्या पेशींसारखं ते आयोडीन शोषत नाहीत, तेव्हा त्याचा उपयोग शून्य. जन्मभर थायरॉक्सिनची गोळी मात्र मागे लागते. आणि ज्या औषधाची खरी गरज होती, ते सुरूच होत नाही.

बाई खचते का? किमोला केस जातात तेव्हा तिला कळत नाही का? तिला सगळं कळतं. फक्त तिच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून तीही कुणाशी बोलत नाही. आजार तिचा, शरीर तिचं. नाव कळण्याचा पहिला हक्क तिचा आहे. माझं हे मत कुणाला कठोर वाटलं तरी मी ते बदलणार नाही.

उपचाराविषयी. पसरलेला स्तनाचा कॅन्सर मुळापासून बरा होतो असं मी सांगणार नाही. साधारणपणे होत नाही. पण तो ताब्यात ठेवता येतो, अनेकींमध्ये काही वर्षं, आणि त्या वर्षांत बाई घरात, शेतात, लग्नकार्यात असते. थायरॉईडमधली गाठ बहुधा एकटी नसते; हाडं, फुप्फुस, यकृत सगळीकडे शोध घ्यावा लागतो. म्हणून मुख्य औषध सगळ्या अंगात फिरणारं लागतं. कोणतं, ते नव्या गाठीतल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीतल्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनांवर, ठरतं. ‘नव्या’ हा शब्द महत्त्वाचा. इस्ट्रोजेन रिसेप्टर जुन्या गाठीत होता आणि नवीत नाही, किंवा उलट, असं पाच-सहा जणींपैकी एकीत घडतं. जुन्या कागदावर नवं औषध लिहू नये ते यासाठी. इस्ट्रोजेन रिसेप्टर असेल तर हार्मोनच्या गोळ्या आणि जोडीला पाल्बोसिक्लिबसारखं औषध; या जोडीनं आजार थोपवून धरण्याचा काळ दीडपटीहून जास्त वाढतो. २०२३च्या जानेवारीत पाल्बोसिक्लिबचं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत पुष्कळ उतरली. हर-टू हा रिसेप्टर जास्त असेल तर ट्रॅस्टुझुमॅब. त्याचंही देशी रूप २०१४ पासून मिळतं. यातलं काहीच नसेल तर किमो.

मग ऑपरेशन? गाठ श्वासनलिका दाबत असेल, गिळता येत नसेल तर तातडीनं. किंवा खूप वर्षांनी, फक्त थायरॉईडमध्येच गाठ आहे आणि बाकी शरीर शांत आहे, अशा एखादीत विचार करून. सरसकट नाही. ‘काढून टाका हो डॉक्टर, एकदाचं’ हा आग्रह मी समजू शकतो. पण टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० बायकांवर एक अभ्यास केला. सुरुवातीलाच पसरलेल्या आजारात स्तनाची मूळ गाठ काढली तर आयुष्य वाढतं का? २०१५ साली उत्तर छापून आलं. वाढत नाही. मूळ गाठ काढूनही फरक पडत नसेल, तर पसरलेल्या आजाराची गळ्यातली एक फांदी छाटून मुळाला काय होणार?

चौथा मुद्दा थोडक्यात. २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. देशभर बातमी झाली, आयसीएमआरचं पथक गावात आलं, पाणी तपासलं, धान्य तपासलं. व्हायलाच हवं होतं. केस गेलेले दिसतात, म्हणून यंत्रणा धावते. छातीतली गाठ पदराआड असते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि ९८ हजार दगावतात. त्यांच्यासाठी गावात पथक कधी येणार?

यायला महागडं यंत्र लागतं असंही नाही. १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर टाटानं एक अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी, फक्त हातानं तपासलं. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण आपल्या आशाताईंना हे शिकवता येणार नाही का? बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. त्याच्याकडून माझी पहिली अपेक्षा हीच आहे.

तोवर पेशंट मलकापूर किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीनं मुंबई नाहीतर नागपूर गाठतो, किंवा एसटीनं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. उपचाराच्या प्रवासात कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबत्यालाही सवलत असते. दाखला मागून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डासारखी कागदपत्रं आधी नीट करून ठेवा. आणि मुक्कामी पोचल्यावर तिथले डॉक्टर पहिली गोष्ट मागतात ती पैशांची नसते. ते विचारतात, ‘ब्लॉक आणलाय?’

ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी चौकोनी वडी. काडेपेटीपेक्षा लहान. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा त्यात कायमचा जपलेला असतो. दहा वर्षांनीही त्याच्या नव्या चकत्या काढून नव्या तपासण्या करता येतात. आपल्या बाईंच्या गळ्यातल्या गाठीचं गाव कोणतं, हे सांगणारा खरा साक्षीदार तो. पण प्रयोगशाळा तो काही ठराविक वर्षंच ठेवते, मग टाकून देते, कारण मागायला कुणी येत नाही.

कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखत नाही. पुन्हा सांगतो म्हणालो होतो.

ज्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या सकाळी त्या दवाखान्यात जा. ब्लॉक आणि पट्ट्या मागा. मागताना संकोच करू नका, तो तुकडा तुमच्याच माणसाच्या शरीराचा आहे. रिपोर्टच्या दोन प्रती काढा. सातबारा आणि खरेदीखत ज्या कपाटात ठेवता, त्याच कपाटात हे ठेवा, आणि किल्ली त्या बाईंच्या हातात द्या.